प्लास्टिक समुद्रात जाण्याआधी: मुंबईतल्या सोसायट्या, चाळी आणि कोळीवाडे काय करू शकतात

मुंबईच्या किनाऱ्यावर दिसणारे बरेचसे प्लास्टिक किनाऱ्यावर कोणी आणून टाकलेले नसते. ते कुर्ल्याच्या, साकीनाक्याच्या किंवा मालाडच्या एखाद्या गल्लीत, टपरीशेजारी किंवा रेल्वे स्थानकाबाहेर पडलेले असते. पहिल्या जोराच्या पावसात ते गटाराच्या जाळीतून खाली जाते, तिथून मोठ्या नाल्यात उतरते आणि शेवटी मिठी, ओशिवरा, पोईसर किंवा दहिसर यांपैकी एखाद्या नदीला मिळते. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत शिरते. एवढ्याशा प्रवासात तिला मिळणारे नाले दाट वस्त्यांच्या मधून आणि कारखान्यांच्या मागून आलेले असल्यामुळे खाडीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत तिच्या पाण्यावर अर्ध्या शहराच्या कचऱ्याचा तवंग असतो.

हा मार्ग नीट समजून घेण्याचे कारण असे, की प्रत्येक टप्प्यावर प्लास्टिक अडवण्याचा खर्च वाढत जातो. वेफर्सचे एक रिकामे पाकीट घरात असताना बाजूला ठेवायला क्षणभर पुरतो. ते गटारात गेले की माणूस उतरवावा लागतो, नाल्यात गेले की पोकलेन मागवावा लागतो आणि समुद्रात गेले की ते पुन्हा हाती लागेल याची खात्रीच उरत नाही. त्यामुळे प्लास्टिकच्या प्रदूषणाचा प्रश्न जागतिक असला, तरी त्याचा निकाल बहुतेक वेळा इमारतीच्या जिन्यात आणि गल्लीच्या तोंडाशी, कचरा घराबाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच लागतो. स्थानिक रहिवाशांच्या कामाचे महत्त्व आहे ते यामुळे.

मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ओहोटीच्या वेळी तासाला साधारण २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने आखलेली होती. ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्यासाठी महापालिकेने ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्प हाती घेतला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढे कोणतीही गटारे पुरली नसती, आणि त्या पुराचा सगळा दोष पिशव्यांच्या माथी मारणे बरोबर ठरणार नाही, कारण नदीपात्रातला भराव, आक्रसलेले प्रवाह आणि भरतीची वेळ ही कारणे अधिक मोठी होती. तरीही तुंबलेल्या गटारांत पातळ पिशव्यांचा मोठा वाटा असल्याचे त्या वेळी सर्वांना दिसले, आणि राज्यातले पिशव्यांवरचे निर्बंध त्यानंतर कडक होत गेले.

प्लास्टिकचा भार सर्वांत आधी जाणवतो तो कोळ्यांना. मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्वापार वापरले जाणारे डोल हे पिशवीच्या आकाराचे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून एका जागी बांधून ठेवतात. प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा आणि करंदी आत येते, आणि ज्या प्रवाहाने मासळी येते त्याच प्रवाहाने पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्यांचे तुकडेही येतात. जाळ्याच्या शेवटच्या भागातली वीण बारीक असते आणि प्लास्टिकचा एखादा पापुद्राही तिला चिकटून पाणी अडवतो. मग जाळे जड होते, फाटते, आणि धक्क्यावर आल्यानंतर ओल्या जवळ्यातून प्लास्टिकचे बोटभर तुकडे निवडत बसण्याचे काम कोळणींच्या वाट्याला येते. या निवडण्याच्या मजुरीचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

कोणते प्लास्टिक विकले जाते आणि कोणते नाही

‘प्लास्टिक’ असा एकच पदार्थ नाही. पाण्याच्या बाटलीचे पेट, शाम्पूच्या बाटलीचे आणि डिटर्जंटच्या कॅनचे घट्ट पॉलिथिन, दुधाच्या पिशवीचे मऊ पॉलिथिन, हॉटेलातून जेवण येते त्या डब्याचे पॉलिप्रॉपिलीन, पाइपांचे पीव्हीसी आणि थर्माकोलचे पॉलिस्टायरिन हे सगळे रासायनिकदृष्ट्या वेगवेगळे पदार्थ आहेत. ते वेगवेगळ्या तापमानाला वितळतात आणि एकत्र वितळवले तर तयार होणारा माल ठिसूळ आणि निरुपयोगी होतो. म्हणूनच पुनर्वापराचे पहिले काम यंत्राचे नसून निवडण्याचे आहे.

हे काम पाहायचे असेल तर धारावीतल्या ‘तेरा कंपाउंड’ नावाच्या भंगार-पुनर्वापराच्या भागात जावे. तिथे जमिनीवर बसलेले कामगार प्लास्टिकचा तुकडा हातात घेऊन वाकवतात, फरशीवर आपटून त्याचा आवाज ऐकतात आणि तरीही शंका राहिली तर त्याचा कोपरा जाळून वास घेतात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, पेट आणि पीव्हीसी तळाला जातात, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम तिथे पाण्याच्या टाकीत रोज वापरला जातो. निवडलेला माल दळला जातो, धुतला जातो, पत्र्यांच्या छतांवर वाळवला जातो आणि वितळवून त्याच्या तारा काढून त्यांचा दाणा पाडला जातो. हा दाणा पुढे बादल्या, कुंड्या किंवा पाइप बनवणाऱ्या कारखान्यांना विकला जातो. पेटच्या बाटल्यांचा बराचसा भाग धागा बनतो. या कामगारांच्या फुप्फुसांनी आणि हातांनी मुंबईवर केलेले उपकार शहराने अजून नीट मान्य केलेले नाहीत असे माझे मत आहे, आणि म्हणूनच आपल्या घरातून त्यांच्याकडे कशा अवस्थेतला माल जातो हा केवळ टापटिपीचा प्रश्न राहत नाही.

जगभरात २०१५ पर्यंत सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले आणि त्यातून झालेल्या सुमारे ६३० कोटी टन कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के कचऱ्याचा पुनर्वापर झाला, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. हा आकडा इतका कमी असण्याची अनेक कारणे आहेत, पण त्यातली दोन आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतात.

पहिले कारण बहुपदरी पॅकिंगचे. चिवडा, वेफर्स, बिस्किटे, मसाले आणि शाम्पूच्या पुड्या यांची चकचकीत पाकिटे एका पदार्थाची नसतात. छपाईचा एक पदर, हवा आणि ओलावा रोखणारा ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि आतून चिकटवण्यासाठी पॉलिथिन असे पदर त्यांत एकमेकांवर घट्ट बसवलेले असतात. ते पुन्हा सुटे करणे म्हणजे चिक्कीतून गूळ आणि शेंगदाणे वेगळे काढण्यासारखे आहे. शिवाय पाकीट इतके हलके असते की किलोभर माल जमवायला शेकडो पाकिटे वेचावी लागतात, आणि एवढे करून ती घ्यायला कोणी भंगारवाला तयार नसतो. ज्याला भाव नाही ते वेचले जात नाही आणि जे वेचले जात नाही ते नाल्यात जाते. अशा पाकिटांचा काही भाग सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून पाठवला जातो. तो नाल्यात जाण्यापेक्षा बरा मार्ग आहे, पण त्याला पुनर्वापर म्हणता येणार नाही.

दुसरे कारण घाणीचे. आमटी सांडलेली पिशवी, भाताची शिते चिकटलेला डबा आणि वापरलेल्या डायपरसोबत बांधलेली बाटली या वस्तू मुळात विकण्याजोग्या असूनही कचऱ्याच्या डब्यात काही तास ओल्या कचऱ्याबरोबर राहिल्या की त्यांचा भाव पडतो किंवा संपतो. त्या धुवायला पाणी आणि मजुरी लागते, आणि धंद्यातला नफा त्याहून कमी असतो. उलट घरी डबा विसळायला वेगळे पाणी खर्च करण्याचीही गरज नाही. तांदूळ किंवा भाजी धुतलेले पाणी त्याला पुरते. दुधाची पिशवी उघडताना कोपऱ्याचा त्रिकोण पूर्ण कापून टाकू नये, तो पिशवीला लागून राहू द्यावा, कारण सुटा झालेला तुकडा इतका लहान असतो की तो कोणाच्याही गोणीत जात नाही आणि थेट मोरीतून गटारात पोहोचतो. दूध काढून झाल्यावर पिशवी विसळून, सिंकवर उलटी वाळत टाकून साठवली तर तिला चांगला भाव मिळतो. अनेक घरांत आई-आजींनी ही सवय वर्षानुवर्षे पाळलेली आहे.

सोसायटीतली साखळी कुठे तुटते

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना ओल्या कचऱ्यावर आपल्याच आवारात प्रक्रिया करण्यास सांगितले. वरवर पाहता या दुसऱ्या नियमाचा प्लास्टिकशी संबंध नाही, पण प्रत्यक्षात तो फार जवळचा आहे. ओला कचरा आवारातच जिरवायचा ठरला की खताच्या खड्ड्यात किंवा ड्रममध्ये प्लास्टिकचा तुकडा चालत नाही, त्यामुळे वर्गीकरण आपोआप काटेकोर होते आणि सुका कचरा कोरडा राहतो.

मग दोन डबे घराघरांत वाटूनही अनेक सोसायट्यांतली योजना काही आठवड्यांत का बारगळते? माझ्या पाहण्यात याचे एक कारण इतर सर्वांपेक्षा जास्त वेळा आले आहे. रहिवासी दोन डबे भरतात, सफाई कर्मचारी दोन्ही डबे घेऊन खाली येतो आणि जिन्याखालच्या एकाच मोठ्या ड्रममध्ये रिकामे करतो, कारण त्याला दुसरा ड्रम दिलेला नसतो, वेळ दिलेला नसतो आणि सुका कचरा पुढे कोण नेणार हे कोणी ठरवलेले नसते. हे दृश्य गॅलरीतून एकदा दिसले की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवसापासून वर्गीकरण थांबवतात आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून सुरुवात घरातल्या डब्यांपासून न करता शेवटच्या टोकापासून करावी. आधी सुका कचरा घेणारी व्यक्ती किंवा संस्था निश्चित करावी, मग तो साठवण्याची जागा ठरवावी, मग कर्मचाऱ्याच्या कामाचे तास आणि मोबदला नव्याने ठरवावा, आणि सगळ्यात शेवटी घरोघरी सूचना द्यावी.

साठवण्याची जागा निवडताना एक खबरदारी अत्यावश्यक आहे. सुके प्लास्टिक आणि पुठ्ठा भडकन पेटतो, त्यामुळे गोण्या मीटरच्या खोलीजवळ किंवा जिन्याखाली कधीही ठेवू नयेत. कंपाउंडच्या भिंतीलगत छोटे छत टाकून, पावसापासून वाचवून त्या ठेवाव्यात आणि आठवड्यातून किमान एकदा उचलल्या जातील अशी व्यवस्था करावी. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर खूण करून वेगळे द्यावेत, कारण सुका कचरा हाताने निवडणाऱ्या व्यक्तीसाठी सर्वांत मोठा धोका तोच असतो.

सुका कचरा विकून येणारी रक्कम थोडी असते आणि ती सोसायटीच्या खात्यात जमा करावी की काम करणाऱ्याला द्यावी, यावर सर्वसाधारण सभेत बरीच चर्चा झडते. ती रक्कम वर्गीकरण करणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा कचरावेचक महिलेलाच मिळाली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. त्यात न्याय तर आहेच, पण व्यवहारही आहे, कारण ज्या हातांना स्वच्छ मालाचा थेट फायदा होतो तेच हात तो माल पुन्हा मिसळू देत नाहीत.

या बाबतीत मुंबईकडे मोठा अनुभव जमा आहे. स्त्री मुक्ती संघटनेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘परिसर विकास’ कार्यक्रम सुरू केला आणि कचरा वेचणाऱ्या महिलांना संघटित करून, प्रशिक्षण देऊन, सोसायट्यांमधले वर्गीकरण आणि खतनिर्मितीचे काम मिळवून दिले. या महिलांना ‘परिसर भगिनी’ म्हटले जाते. त्याच सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी एकत्र येऊन केलेल्या कामाच्या धर्तीवर महापालिकेने ‘एएलएम’ म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन ही योजना आणली, ज्यात एका गल्लीतले किंवा रस्त्यावरचे रहिवासी गट स्थापून वॉर्ड ऑफिसच्या सहकार्याने परिसराची जबाबदारी घेतात. काही ठिकाणी हे गट आजही जोमात आहेत, काही ठिकाणी कागदावर उरले आहेत. दोन-तीन उत्साही ज्येष्ठांवर सगळा भार राहिला तर त्यांच्या आजारपणाबरोबर गटही आजारी पडतो, त्यामुळे काम सुरू होतानाच तरुण घरांतल्या माणसांना त्यात जबाबदारी द्यावी.

चाळ आणि वस्ती

सोसायटीला लागू पडणारी पद्धत वस्तीत जशीच्या तशी चालत नाही. ज्या घरात स्वयंपाक, झोपणे आणि मुलांचा अभ्यास एकाच खोलीत होतो तिथे दोन डबे ठेवायला जागा कुठून आणायची? गल्ली इतकी अरुंद असते की कचऱ्याची गाडी मुख्य रस्त्यावरच थांबते, आणि ती ज्या वेळी येते त्या वेळी घरातल्या बाया धुण्याभांड्याच्या किंवा कारखान्यातल्या कामावर गेलेल्या असतात. अशा परिस्थितीत घराच्या मागचा नाला हीच कचरा टाकण्याची सर्वांत जवळची जागा ठरते. वस्तीतले लोक बेफिकीर असतात हा समज मला अन्यायाचा वाटतो, कारण सेवा जिथे पोहोचते तिथे हेच लोक ती वापरतात.

म्हणून वस्तीत पहिला प्रश्न वेळेचा आणि अंतराचा असतो. महापालिकेने दत्तक वस्ती योजनेतून आणि पुढे स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियानातून स्थानिक संस्थांना वस्त्यांतल्या स्वच्छतेचे काम दिले. अशा संस्थेचे स्वयंसेवक त्याच गल्लीतले असतील, कचरा पहाटे पाच-साडेपाचला किंवा रात्री कामावरून परतल्यानंतर घेतला जात असेल आणि सुक्या कचऱ्यासाठी प्रत्येक घराऐवजी दहा-बारा घरांमिळून एक टांगती गोणी असेल, तर नाल्यात जाणारा कचरा कमी होताना दिसतो. गोणी जमिनीवर ठेवण्यापेक्षा भिंतीला खिळ्यावर टांगलेली बरी, कारण ती भिजत नाही, उंदीर शिरत नाहीत आणि येता-जाता तिच्यात पाकीट टाकणे मुलांनाही जमते. तिथल्या भंगारवाल्याला या व्यवस्थेत सुरुवातीपासून सामील करावे. वस्तीत कोणत्या मालाला काय भाव आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्यांविषयीही इथेच बोलले पाहिजे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला एकदम मोठी बाटली परवडत नाही, आणि पुडी हा त्यांच्यासाठी व्यवहार्य पर्याय आहे; त्यावरून त्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही. बचत गटाने मोठा कॅन एकत्र आणून सदस्यांना त्यांच्याच बाटल्यांत मापून देणे हा त्यावरचा एक मार्ग आहे. भांडी घासण्याचे द्रावण आणि फिनाइल यांच्याबाबतीत तो सहज जमतो.

घरात येण्याआधी

ज्या प्लास्टिकला भाव नाही ते वर्गीकरणाने संपत नाही. ते मुळात कमी आणावे लागते. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांसारख्या वस्तूंवर बंदी घातली. दंडाची रक्कम पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये आणि त्यानंतर २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी ठरवली गेली. केंद्र सरकारची बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. तिच्यात स्ट्रॉ, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, मिठाईच्या खोक्यांवरचे पातळ आवरण आणि सजावटीचा थर्माकोल या वस्तू येतात. तरीही भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मिळते, कारण ग्राहक रिकाम्या हाताने येतो आणि पिशवी नाही म्हटले तर तो शेजारच्या गाडीकडे वळतो. एकट्या विक्रेत्याने बंदी पाळली तर त्याचे नुकसान होते, संपूर्ण बाजाराने एकाच दिवसापासून पाळली तर कोणाचेच होत नाही. त्यामुळे रहिवाशांच्या गटाने विक्रेत्यांशी एकेकट्याने न बोलता पूर्ण रांगेशी बोलावे, आणि बचत गटाने जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्या अनामत घेऊन देण्याची व परत घेण्याची सोय बाजाराच्या तोंडाशीच करावी.

मासळी बाजाराचे गणित वेगळे आहे. ओल्या मासळीला कापडी पिशवी चालत नाही, पाणी गळते आणि पिशवीचा वास जात नाही. तिथे झाकणाचा डबाच न्यावा लागतो, आणि बाजाराच्या फाटकावर ‘डबा आणला का?’ एवढा फलक लावला तरी पुढच्या वेळी आठवण राहते. पर्याय निवडताना फसगत होऊ नये म्हणून तीन गोष्टी माहीत असाव्यात. कपड्यांच्या दुकानात मिळणारी, कापडासारखी दिसणारी न विणलेली पिशवी प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीनची असते. चहाच्या कागदी कपाला आतून बहुधा प्लास्टिकचा थर असतो. आणि ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी बहुतेक वेळा नियंत्रित उष्णता असलेल्या मोठ्या प्रकल्पातच नीट कुजते, नाल्यात पडली तर ती इतर पिशव्यांप्रमाणेच पाणी अडवते.

समारंभांच्या बाबतीत मुंबईतल्या सोसायट्या फार थोड्या खर्चात मोठा फरक घडवू शकतात. सत्यनारायणाची पूजा, बारसे किंवा वाढदिवस अशा कार्यक्रमांसाठी शंभर स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले सोसायटीने एकदा विकत घेऊन नाममात्र भाड्याने द्यायची पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याची प्रथा अलीकडची आहे. त्याऐवजी गूळ, तीळ, कापडी पिशवी किंवा एखादे रोप दिले तर सणाचे काहीही कमी होत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांकडे तर स्वयंसेवक, मंडप आणि लोकांचा विश्वास या तिन्ही गोष्टी आहेत. मखरासाठी थर्माकोल न वापरणे, महाप्रसाद पत्रावळीवर देणे आणि निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट खाडीत न सोडता निर्माल्य कलशात सुटे टाकायला लावणे, हे मंडळाच्या अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले की त्याचा जो परिणाम होतो तो शासकीय जाहिरातीने होत नाही.

किनाऱ्यावरची सफाई

वर्सोवा किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सफाईला सुरुवात केली आणि आठवड्यामागून आठवडे हजारो नागरिक त्यात सामील झाले. त्यांना २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. या कामाने मुंबईकरांना आपला किनारा पुन्हा दिसू लागला हे त्याचे मोठे यश आहे. मात्र भरती रोज येते आणि नाले रोज वाहतात, त्यामुळे केवळ किनारा झाडत राहणे कोणालाच पुरे पडणार नाही.

माझ्या मते किनाऱ्यावरच्या सफाईचा सर्वांत दुर्लक्षित उपयोग मोजणीचा आहे. गोळा केलेला कचरा थेट गाडीत न भरता एका ताडपत्रीवर पसरावा आणि पिशव्या, बाटल्या, बहुपदरी पाकिटे, चपला, थर्माकोल अशा ढिगांत लावून मोजावा. दोन-चार वेळा असे केले की आपल्या भागात नेमके काय वाहून येते आणि कोणत्या नाल्यातून येते हे स्पष्ट होते, आणि मग त्या नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वस्तीशी किंवा बाजाराशी बोलता येते. तिवरांच्या जंगलात मात्र हौशी गर्दी नेऊ नये. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात, प्लास्टिकने ती गुदमरतात हे खरे, पण बेफिकीर पायांखाली ती मोडतातही; तिथले काम ओहोटीच्या वेळी आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या मार्गदर्शनाखालीच करावे. तसेच नाल्याच्या तोंडाशी रहिवाशांनी स्वतः जाळी बांधू नये, कारण जोराच्या पावसात ती तुंबली तर पाणी मागच्या घरांत शिरते. ते काम महापालिकेचे आहे. रहिवाशांनी मे महिन्यात आपल्या गल्लीतल्या गटारांच्या जाळ्या पाहून घ्याव्यात आणि तुंबलेल्या जाळ्यांची तक्रार छायाचित्रासह द्यावी. गोळा झालेला कचरा तिथेच पेटवून देण्याची सवय तर पूर्णपणे थांबवावी, कारण त्यात पीव्हीसीचा तुकडा असला की धुरात डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ तयार होतात.

कंपन्या आणि वॉर्ड ऑफिस

रहिवाशांनी एवढे सगळे केले तरी न विकली जाणारी पाकिटे उरतात, आणि त्यांची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्यांवर आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर ही जबाबदारी टाकली गेली आणि फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांच्यासाठी संकलनाची उद्दिष्टे ठरवून दिली. ताडपत्रीवरची मोजणी इथे पुन्हा कामाला येते. कोणत्या प्रकारची किती पाकिटे आपल्या प्रभागात गोळा झाली याचा तारखेसह तक्ता रहिवासी संघाने वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा व्यवस्थापन विभागाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी दिला, तर ती केवळ तक्रार राहत नाही, तिच्यावर पोच आणि क्रमांक घेऊन पाठपुरावा करता येतो.

वॉर्ड ऑफिसकडे मागायच्या गोष्टीही नेमक्या असाव्यात. सुक्या कचऱ्याची स्वतंत्र गाडी आपल्या रस्त्यावर कोणत्या वारी आणि किती वाजता येते हे लेखी विचारावे आणि ते वेळापत्रक फाटकावर लावावे. गोळा केलेला माल कोणत्या सुका कचरा केंद्रात जातो ते विचारून एकदा पाच-सहा रहिवाशांनी तिथे प्रत्यक्ष जाऊन यावे, म्हणजे आपण विसळून दिलेल्या पिशवीचे पुढे काय होते ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल आणि इमारतीतल्या इतरांना सांगता येईल. त्या केंद्रात काम करणाऱ्या महिलांना ओळखपत्र, हातमोजे, बसून काम करायला टेबल आणि स्वच्छतागृह आहे का, हेही त्याच भेटीत पाहावे, आणि नसेल तर पुढच्या अर्जात पहिली मागणी तीच लिहावी.